उत्तरेला वळलेली बोट

वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या बोटीत माझा नकाशा वाऱ्याने उडाला आणि समोरच्या मुलाच्या छातीवर जाऊन चिकटला. त्याने तो हळूच सोडवला, उलटसुलट करून पाहिला.

"हे गोल गोल काय आहे?"

"समुद्रातले भोवरे. एकेक दोनशे किलोमीटरचा. मी त्यांचा अभ्यास करते."

"आणि तू यांच्या मागे असतेस?"

तो हसला. मी उगाच पाण्याकडे बघत राहिले...

तो नितेश. मढच्या कोळीवाड्यातला, अंधेरीत एका स्टुडिओत एडिटर. मग आम्ही भेटतच राहिलो. कधी मेट्रोखाली चहाला, कधी जेट्टीवर. मी सांगायचे, तिकडे प्रशांत महासागर तापला की इथले वारेही बदलतात, आणि वाऱ्यांबरोबर हे भोवरे कधी बळावतात, कधी मंदावतात. तो ऐकायचा कमी, बघायचा जास्त.

सप्टेंबरात एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज ओळखूच येईना. त्याचा मोठा भाऊ सुशांत साथीदारांबरोबर खोल समुद्रात मासेमारीला गेला होता. बोटीचं इंजिन बंद पडलं, संपर्क तुटला. शोध दक्षिणेला चालला होता, कारण त्या दिवसांत प्रवाह एरवी तिकडेच नेतो.

मी उपग्रहाची ताजी माहिती उघडली. यंदा वारे लवकर पडले होते आणि एक मोठा भोवरा किनाऱ्याकडे सरकला होता. त्याच्या कडेला अडकलेली बोट उत्तरेला जाणार... पण माझं चुकलं तर? आकडे पुन्हा एकदा तपासले. मग आमच्या संस्थेतल्या सरांना घेऊन मी शोधपथकाला कळवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट सापडली. उत्तरेलाच. सगळे सुखरूप.

नितेशच्या आईने, जानकीमावशींनी, माझे हात नुसते धरून ठेवले.

त्यानंतर नितेश रोज येऊ लागला. कधी ताजे बोंबील, कधी अबोलीचा गजरा. मला बरं वाटायचं आणि वाईटही. हे सगळं उपकारापोटी असलं तर?

शेवटी जेट्टीवर बोललेच. "किती दिवस आभार मानणार आहेस रे?"

तो माझ्याकडे वळला.

"आभार आई मानते, रोज, एकविरेपुढे. मी तुझ्यासाठी येतो गं... दादा हरवायच्या आधीपासून."

मी त्याचा हात धरला. मनात मीही आभार मानले — भाऊ परत आला याचे, आणि हा त्याच्याही आधी आला होता, याचे.