मधली घागर

जीपचं पुढचं चाक निखळून घाणेरीच्या झुडपात जाऊन पडलं, तेव्हा पूंगोडीच्या मांडीवरची घागर डुचमळली, पण सांडली नाही. जीपमधल्या बायकांनी आधी घागरीकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. कुणाला लागलं का, हे विचारायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

घागर आलंकाडू गावच्या मारीअम्मन देवीची होती. सकाळी भवानी गावच्या घाटावर तिच्यात कावेरीचं पाणी भरलं होतं, तोंडावर कडुनिंबाचा पाला आणि हळद लावलेला नारळ ठेवून वरून पिवळं फडकं आवळलं होतं. जत्रेची पहिली घागर दरवर्षी पूंगोडीच्या घरची. दिवस मावळायच्या आत ती देवळात पोचायची, वाटेत जमिनीला टेकायची नाही, आणि त्या घरच्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातात जायची नाही. आजवर तिचे अप्पा नेत. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा पूंगोडी भर गावापुढे म्हणाली होती, "मी आणते." आता घागर वेळेवर पोचली नाही, तर हा मान दुसऱ्या घरी जाणार होता. लोक तोंडावर हळहळणार होते आणि अप्पा पुढच्या जत्रेला घराबाहेर पडणार नव्हते.

"आज ही जीप हलायची नाही," जीपवाला चाकामागे जाऊन आल्यावर म्हणाला. "दुसरी गाडी खालून मागवावी लागेल. रात्र होईल."

"रात्र होईल म्हणून काय सांगतोस? अम्मनला सांग," करुप्पायी आत्या म्हणाली. ती अप्पांची थोरली बहीण. पण लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली, त्यामुळे घागरीला तिचाही हात चालत नव्हता. तोंड मात्र चालत होतं.

तेवढ्यात जंगलाच्या बाजूने फटफट ऐकू आली. लाल धुळीचा एक लोट रस्त्यावर आला, आणि त्यातून एक उंच मोटारसायकल निघाली. स्वाराने हेल्मेट काढलं, तर डोळ्यांभोवतीचा पट्टा तेवढा माणसाचा होता. बाकी सगळी माती.

"कुणाला लागलं नाही ना?" त्याने विचारलं.

पूंगोडीला वाटलं, हे विचारणारा हा पहिलाच. मग वाटलं, आपल्याला हे वाटायचं काय कारण?

आत्याने त्याला जागच्या जागी उभा करून सगळं काढून घेतलं. नाव तेन्नरसु. गाव करूर. शहरातली पोरं मोटारसायकली घेऊन या डोंगरात हिंडायला येतात, त्यांच्यासाठी कच्च्या वाटा शोधून ठेवायचं काम.

"म्हणजे चांगला रस्ता सोडून वाईट रस्ता दाखवायचा?" आत्या म्हणाली.

"हो, अम्मा. जितका वाईट, तितके ते खूश."

"आलंकाडूला जंगलातून वाट आहे?"

"कालच त्या बाजूला गेलो होतो. वाट आहे असं म्हणवत नाही... नाही असंही म्हणवत नाही."

आत्याने सूर्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं, मग बराच वेळ तेन्नरसुकडे पाहिलं.

"हिला धाकटी बहीण म्हण," ती म्हणाली. "एकदा सगळ्यांच्या देखत म्हण. मग बसवते तुझ्या मागे."

तेन्नरसुने पूंगोडीकडे पाहिलं. ती घागरीवरच्या नारळाकडे बघत होती, जणू तो आत्ताच उगवला होता.

"घरी तीन बहिणी आहेत, अम्मा. तिघींचे रुसवे काढता काढता जीव जातो. चौथी झेपायची नाही."

"मग काय म्हणणार हिला?"

"काही न म्हणता नेतो ना."

बायका हसल्या. पूंगोडीलाही हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला.

शेवटी आत्यानेच तोड काढली. तिने पूंगोडीला मागे बसवलं आणि घागर त्याच्या पाठीला टेकेल अशी मांडीवर घ्यायला लावली. "मध्ये अम्मनची घागर आहे," ती म्हणाली. "आता मला घोर नाही."

वाट कसली, पावसाळी ओहोळाने सोडून दिलेली घळ होती ती. गोटे, मुळं, मध्येच घोटाभर फुफाटा. मोटारसायकल कधी बोकडासारखी उसळी मारी, तर कधी दमलेल्या म्हशीसारखी बसकण मारी. पूंगोडीने दोन्ही हातांनी घागर कवटाळली होती.

"मला धरा," तेन्नरसु पुढून म्हणाला. "पुढे उतार आहे."

"हात मोकळे नाहीत."

"मग सावकाश जातो."

"सावकाश गेलात तर दिवस मावळेल."

"मग जोरात?"

"जोरात गेलात तर पाणी सांडेल."

"अहो, मग करू तरी काय?"

"सावकाश जा... पण लवकर पोचा."

तो हसला. त्याच्या पाठीतलं हसू घागरीच्या पितळेतून तिच्या हातांपर्यंत आलं. तिने हात किंचित सैल केले, मग घाबरून पुन्हा आवळले.

चिंचेच्या एका राईत हत्तीची ताजी लीद पडली होती. त्याने गाडी बंद केली आणि कान देऊन बसला. कुठेतरी बांबू कडाडला. दोघं एकमेकांचे श्वास ऐकत राहिले. मग आवाज लांब गेला.

"भीती वाटली?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"हत्तीची नाही. तुमच्या आत्याची. घागर सांडली असती तर?"

"आत्या घरी आल्यावर तुमचं नाव घेऊन विचारेल, 'कसा होता गं तो?'"

"मग काय सांगाल?"

"मातीचा होता, म्हणून सांगेन."

हा कसा बोलतो, आणि आपण कसं बोलतोय, हेच तिला कळेना. घरी ती कुणाला इतकी उत्तरं देत नसे. स्थळं घेऊन येणाऱ्या बायकांना 'बघू' म्हणायची, एवढंच. काय बघायचं, ते तिलाही माहीत नव्हतं.

मग ओढा आला.

आदल्या दुपारी वरच्या डोंगरात वळीव झोडपून गेला होता. काल घोटाएवढं असलेलं पाणी आज गुडघ्याला लागत होतं. तेन्नरसुने तिला आधी चालत पलीकडे जायला सांगितलं. घागर कडेवर घेऊन ती निघाली आणि पाण्याच्या मधोमध असताना मागे धप्पकन आवाज झाला.

तिने वळून पाहिलं. मोटारसायकल आडवी झाली होती आणि तेन्नरसु तिच्याखाली. पाय दोन दगडांच्या बेचक्यात अडकलेला, वर गाडीचं वजन. पाणी त्याच्या हनुवटीला लागत होतं आणि तो कोपरांवर उठायची धडपड करत होता.

"अहो, जवळ येऊ नका," तो म्हणाला. "निघतो मी..." आणि पुन्हा खाली गेला. वर आला तेव्हा नाकातोंडातून पाणी येत होतं.

पूंगोडीने घागरीसाठी इकडे-तिकडे पाहिलं. झाडं काठावर लांब. दगड पाण्याखाली, आणि दगड म्हणजे जमीनच. तिचे दोन हात, त्यांत घागर. गाडी उचलायची तर तेच दोन हात हवेत.

तिने विचार केला नाही. करायला बसली असती तर माणूस गेला असता. तिने वाकून घागर त्याच्या हातांत दिली.

"धरा. वर धरा. पाण्याला टेकू देऊ नका."

आणि पदर खोचून ती गाडीला भिडली. एकदा हललीच नाही. दुसऱ्यांदा तिने हॅण्डलखाली खांदा घातला, ओठ चावला, आणि गाडी कुरकुरत उठली. तेन्नरसुने पाय ओढून घेतला. बूट बेचक्यातच राहिला. एवढ्या वेळात तो पाण्यात उताणा पडून दोन्ही हातांनी घागर आभाळाकडे धरून होता, आणि नारळ हललाही नव्हता.

तो उठून बसला. घागर तिच्या हातात परत देताना त्याची ओली बोटं तिच्या बोटांवर आली. दोघांनाही ती लगेच काढायचं सुचलं नाही.

"एक थेंब सांडला नाही," तो धापा टाकत म्हणाला. "बघा."

तिने घागरीकडे पाहिलं... आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

"काय झालं?" तो म्हणाला. "तुमचा चेहरा असा का झाला?"

"काही नाही. चला."

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं काहीच नाही. तुम्ही बोलू नका आता थोडं."

उरलेल्या वाटेत तो एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी, असा गाडी हाकत राहिला आणि मध्येमध्ये वळून पाहत राहिला. पूंगोडीच्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. कुणी पाहिलं नाही. बोलायलाच नको. पण पुजारी विचारणारच. दरवर्षी देवळाच्या उंबऱ्यावर विचारतो, 'घागर कुणाच्या हातून आली?' त्यावर अप्पा म्हणत, 'माझ्या, आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही.' तेवढंच म्हणायचं. तिने मनात म्हणून पाहिलं. मग घागरीच्या वर दिसणारी त्याची ओली मान पाहिली. शब्द मनातही पुरे होईनात. हे अम्मनपुढचं पाप टोचतंय की दुसरंच काही आहे, हेही तिला कळेना.

आलंकाडूला पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. पंबै ढोल वाजत होता. देवळापुढे अप्पा काठीवर भार देऊन उभे होते. पूंगोडीला आणि घागरीला पाहून त्यांचे डोळे भरून आले. गर्दीने वाट दिली. तेन्नरसु कडुनिंबाखाली गाडीपाशीच थांबला.

उंबऱ्यावर म्हातारा पुजारी सडैयन उभा होता.

"घागर कुणाच्या हातून आली, पोरी?"

"माझ्या," पूंगोडी म्हणाली. आणि थांबली.

पंबै वाजायचा थांबला.

"आणि?" सडैयन म्हणाला.

"आणि... त्यांच्या."

सगळ्या माना कडुनिंबाकडे वळल्या. तेन्नरसुने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

तिने ओढ्यावरचं सगळं सांगितलं. अप्पांचा चेहरा उतरत गेला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. पण सडैयन वाईट माणूस नव्हता. त्याने सूर्याकडे पाहून घाईने म्हटलं, "जीव वाचवायला दिलीस ना? मग मानलेला भाऊ झाला तो. मानलेला भाऊ घरचाच धरतात. तेवढं तोंडाने म्हण, आणि आत ये."

"म्हण, पोरी," अप्पांना धीर आला. "भाऊ म्हण. वेळ जातोय."

केवढं सोपं होतं. एक शब्द. पूंगोडीने तोंड उघडलं. तो शब्द आलाच नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, आणि सबंध दुपारभर न कळलेलं तिला तिथे, सगळ्या गावापुढे, एकदम कळलं.

"भाऊ नाहीत ते," ती म्हणाली.

"मग पाणी चालायचं नाही. ओतून द्यावं लागेल."

"पण घरच्याच माणसाच्या हातात दिली मी."

"भाऊ नाही, आणि घरचा?" सडैयन गोंधळला. "बाप तर हा इथे उभा आहे. मग उरलं कोण?"

आधी बायकांना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावले. मग पुरुषांना. अप्पांना सगळ्यांत शेवटी कळलं, आणि त्यांची काठी हातातून निसटली.

तेन्नरसु एका पायाने अनवाणी पुढे आला आणि त्याने काठी उचलून अप्पांच्या हातात दिली.

"काय रे," सडैयनने त्याला विचारलं, "तू या घरचा आहेस का?"

"मला नीट उलगडलेलं नाही," तेन्नरसु म्हणाला. "मी नाही म्हणालो तर हे पाणी ओतणार?"

"हो."

"आणि हो म्हणालो तर?"

"तर यांच्याशी बोलावं लागेल तुला. आई-वडिलांना घेऊन." सडैयनने अप्पांकडे बोट केलं.

तेन्नरसुने पूंगोडीकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही. डोळे तेवढे उचलले.

"पाण्यासाठी म्हणत नाही मी," तो हळू म्हणाला. "ते ओतून दिलंत तरी माझं उत्तर हेच. हो."

अप्पांनी एकदा मुलीकडे, एकदा मावळत्या सूर्याकडे बघितलं, आणि ते खाकरून म्हणाले, "सडैया, उभा काय राहिलास? घे की घागर आत."

पंबै पुन्हा वाजू लागला.

रात्री आत्या आणि बाकीच्या बायका येऊन पोचल्या. आत्याला सगळं सांगण्यात आलं. ती एवढंच म्हणाली, "तीन बहिणी आहेत म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

सकाळी तेन्नरसु ओढ्यातला बूट शोधायला निघाला. बेचक्याची नेमकी जागा पूंगोडीलाच ठाऊक होती, असं तीच म्हणाली. कुणी ते खरं मानलं नाही, पण अडवलंही नाही.

"घागर नाही आज," आत्या ओट्यावरून उतरत म्हणाली. "मध्ये मी बसते."

"करुप्पायी," अप्पा आतून म्हणाले, "घरात ये."

मोटारसायकल गावाबाहेर पडली. घळ सुरू झाली तसा वेग कमी झाला.

"पुढे उतार आहे," तेन्नरसु म्हणाला.

"माहीत आहे."

"आज हात मोकळे आहेत..."

पूंगोडीने आपल्या हातांकडे पाहिलं. कालपर्यंत त्यांचं काय करायचं, ते अम्मन ठरवत होती. आज मांडीवर ते नुसतेच पडले होते, काहीतरी विसरल्यासारखे. धरावं? कुठे धरावं? तो काय म्हणेल? आपणच काय म्हणू?

गाडी एका गोट्यावरून उसळली, आणि प्रश्नांची उत्तरं मिळायच्या आधीच हात जिथे जायचे तिथे गेले.

"सावकाश जाऊ की जोरात?" त्याने विचारलं.

"सावकाश," ती त्याच्या पाठीला गाल टेकवून म्हणाली. "आज पोचायची घाई नाही."