दाजींची जागा

सकाळी ताईने दोन्ही कोटांना इस्त्री करून दिली, एक नवऱ्याचा, एक धाकट्या भावाचा. "कॅमेऱ्यासमोर नीट उभे राहा रे," ती म्हणाली, "नाहीतर एकाचं पोट पुढे आणि दुसऱ्याचं तोंड भिंतीकडे!"

पोट भावाचं. तो वाफेच्या इंजिनाचा ड्रायव्हर. शिट्टी वाजवायची भारी हौस, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. तोंड वळवायची सवय ताईच्या नवऱ्याची. भोंग्याचे हे दाजी त्याच इंजिनावर फायरमन होते. हौशी प्रवाशांसाठी जपून ठेवलेल्या त्या छोट्या रेल्वेवर दोघांचं अर्धं आयुष्य खांद्याला खांदा लावून गेलं होतं. उमेदीच्या वयात एकदा बोगद्यात हवा उलटी फिरली, भट्टीच्या दारातून ज्वाळा बाहेर आल्या, तेव्हा दाजींनी भोंग्याला मागे ढकललं आणि दार स्वतः लोटलं. त्यात त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू भाजून गेली. भोंग्याला साधा चटकाही बसला नाही.

त्यानंतर दोघांनी एक रीत पाडली होती. बोगदा जवळ आला की दाजी एक व्हॉल्व्ह फिरवून धुराड्यात वाफेचा झोत सोडत. तो झोत चालू असला की आग भट्टीतच राहते, बाहेर येत नाही. सोडताना ते मोठ्याने "झोत!" म्हणत, भोंगाही "झोत!" म्हणून ओ देई, आणि मगच इंजिनाची वाफ कमी करी. इतक्या वर्षांत ही हाक एकदाही चुकली नव्हती.

त्या दिवशी स्टेशन ओळखू येत नव्हतं. जुन्या काळातल्या सिनेमाचं शूटिंग, त्यामुळे नवे दिवे झाकलेले, प्लास्टिकच्या खुर्च्या गायब, फलाटावर उंच टोप्या घातलेली भाड्याची गर्दी. भोंग्याला सिनेमावाल्यांनी खोटी मिशी चिकटवली होती आणि स्वारी आरशासमोरून हलायला तयार नव्हती. घरच्या सगळ्यांना त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, मी पडद्यावर दिसणार.

दिग्दर्शिकाबाईंनी कॅमेऱ्यातून पाहिलं. मग भोंग्याला जरा बाजूला घेतलं.

"तुमच्या फायरमनना खाली उतरवता येईल का? चेहरा... प्रेक्षक दचकतील हो. त्यांच्या जागी आपला हिरो उभा राहील. तुम्ही मात्र मला हवेच आहात."

दाजी हाताच्या अंतरावर उभे होते. ऐकू न जायला ते काही बहिरे नव्हते.

'दाजी नाहीत तर इंजिन नाही,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण 'तुम्ही मात्र हवेच आहात' हे भोंग्याला मोरपीस फिरवल्यासारखं गोड लागलं होतं. त्याने फडकं उचललं आणि चकचकीत असलेलीच पितळेची नळी पुसायला घेतली.

"जा रे भोंग्या," दाजी स्वतःच खाली उतरत म्हणाले. "मी बसतो चहा घेत."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं भोंग्याला झालं. लाज वाटत होती, चांगलीच वाटत होती. तरी त्याने त्यांना परत वर बोलावलं नाही.

गाडी निघाली. मागे कोळशावर बसवलेला कॅमेरा सुरू झाला. हिरोने फावडं उचललं. "हे आत टाकायचं, की नुसतं धरायचं?"

"नुसतं धरा."

बोगदा जवळ आला. भोंग्याचे कान सवयीने हाकेची वाट पाहत होते, आणि हाक मारणारा फलाटावर बसला आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. हाक न येताच हाताने सवयीने वाफ कमी केली.

अंधार. ओल्या दगडांचा वास. चाकांचा आवाज चारी बाजूंनी अंगावर आला. मग भट्टीच्या दाराच्या कडेने एक लाल जीभ सळसळत बाहेर आली, आणि केस जळल्याचा वास भोंग्याच्या नाकात शिरला...

"झोत!"

अगदी कानाशी. कोवळा, तरणा आवाज.

"झोत!" भोंग्याने ओ दिली. व्हॉल्व्ह फिरला, वाफ फुसफुसली आणि आग आत गेली. आगीच्या मावळत्या उजेडात त्याला हिरो दिसला. पलीकडच्या कोपऱ्यात, दोन्ही हातांनी फावडं छातीशी धरून बसलेला.

मग व्हॉल्व्ह फिरवला कोणी?

"दाजी...? चढलात होय मागून?"

शेजारी कोणीतरी नुसतं धापा टाकत होतं. अंधारात तोंड दिसत नाही म्हणून भोंग्याला बळ आलं. "दाजी, चुकलो मी. मी बोलायला हवं होतं. लाज वाटते हो..."

धाप थांबली. बोगदा संपला. उजेडात इंजिनावर फक्त दोघे होते, तो आणि पांढराफटक पडलेला हिरो.

गाडी उलटी फलाटावर आली, तर दाजी बाकावर बसलेले, हातात कप.

"कधी उतरलात?"

"मी चढलो कुठे होतो?"

तेवढ्यात बाईंनी सगळ्यांना कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यापाशी बोलावलं. त्या खुशीत होत्या. पडद्यावर बोगदा होता, भट्टीचा लाल उजेड होता, आणि व्हॉल्व्हवर हात ठेवून एक तरुण उभा होता. देखणा. दोन्ही गाल नितळ.

"हा कोण? किती छान चेहरा आहे! यालाच ठेवू या."

"हे... हे माझे दाजी आहेत," भोंगा म्हणाला. जे सकाळी म्हणायचं होतं, ते आत्ता म्हणाला. बाईंना ते काही कळलं नाही. त्या पडद्याकडे वाकल्या.

"आणि तुमचा हा मेकअप कोणी केला? मी सांगितला नव्हता."

पडद्यावरचा भोंगा कॅमेऱ्याकडे वळत होता. अर्धी मिशी जळालेली. डावा गाल कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल, सोललेला.

भोंग्याने गाल चाचपला. गाल धड होता, मिशी जागेवर होती.

दाजींनी पडद्यावरच्या त्या तरुणाकडे पाहिलंही नाही. ते भोंग्याजवळ आले आणि त्याच्या धडधाकट डाव्या गालाजवळ, न टेकवता, हात नेऊन उभे राहिले.

"पहिले काही दिवस फार दुखतं रे," ते हलकेच म्हणाले. "आज या कुशीवर झोपू नकोस."