फुटक्या टाइलची जागा

फॅबियन लोपीसच्या मते ऑस्ट्रेलियातले कारागीर म्हणजे दिवसाढवळ्या घातलेला दरोडा. त्यामुळे ग्लेन वेव्हर्लीच्या नव्या घरात दारातून आत येताच पायाखालची टाइल फुटलेली दिसली, तरी त्याने कुणालाही बोलावलं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या गराज सेलमधून एक झिजलेली पितळी पाटी उचलून आणली आणि त्या जागी बसवली. फिट्ट बसली. हौसेला मोल नसतं म्हणतात. फॅबियनची हौस तर नेहमी फुकटातच भागायची.

गंमत अशी, की कुणी अनवाणी पायाने पाटीवरून आत आलं की डायनिंगच्या रिकाम्या कोपऱ्यातून आवाज यायचा. "हं." एवढंच. पुरुषी, आटोपशीर, समाधानी. पाढा बरोबर म्हटला की गुरुजी करतात तसा.

"घर सेटल होतंय," फॅबियन म्हणायचा. "टिंबर आहे ना, मेट."

मधुवंतीलाही हे पटलं होतं. ती क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत जपानचा इतिहास शिकवायची आणि पुराव्याशिवाय आपल्या सावलीवरही विश्वास ठेवायची नाही. डोरीन तिची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, फॅबियनची बायको. तिच्याकडे मधुवंती नेहमी मोजे घालून, बडबडत आत शिरायची, म्हणून पाटीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. एका दुपारी मात्र दारातून तिरकं ऊन आलं आणि पितळेवर एक बाई उमटली. मांडीवर मूल. दोघांचे चेहरे झिजून गुळगुळीत झालेले. मधुवंती तिथेच खाली बसली.

"काय गं, व्हॅल्युएबल आहे की काय?" डोरीनने विचारलं. कडेवर तिची अकरा महिन्यांची एल्सा होती.

"जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा नागासाकीला नव्या वर्षात अधिकारी असली पाटी घेऊन घरोघरी फिरायचे," मधुवंती म्हणाली. "ही मरियामाता आहे, डोरीन. घरातल्या प्रत्येकाने अनवाणी तिच्यावर पाय द्यायचा. दिला, म्हणजे तुम्ही ख्रिस्ती नाही. नाही दिला, तर धरून न्यायचे. सामुराईंचे शेवटचे दिवस आले तरी हे चालू होतं. मग परदेश्यांची काळी जहाजं आली, करार झाले, तेव्हा कुठे थांबलं."

"प्रत्येकाने?"

"आजाऱ्यानेसुद्धा. तान्ह्या बाळाचे तळवे धरून टेकवायचे."

डोरीन वसईची. वसईच्या संत गोन्सालोंना नागासाकीतच क्रुसावर चढवलं, हे ती पाळण्यापासून ऐकत आली होती. तिचा चेहरा उतरला.

"आम्ही रोज तुडवतोय, मधू! मम्मी महिनाभर राहून गेली. फादर जेवून गेले!" मग फादरांच्या पायाखालचं ते 'हं' आठवून तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिने लेकीला घट्ट धरलं. एल्सा रांगायची, बाहेर जाता-येता नेहमी कुणाच्या तरी कडेवर. "हिचा पाय लागलेला नाही. हिचा मी लागू देणार नाही."

फॅबियनने छिन्नी आणली. छिन्नीची धार गेली, पाटी हलली नाही. शेवटी डोरीनने वर जाड मॅट टाकली.

'हं' थांबलं. त्याऐवजी कोपऱ्यात कडक, खळ लावलेलं कापड सळसळायला लागलं. बराच वेळ मांडी घालून बसलेल्या माणसाने जरा अंग हलवावं, तसं. एल्सा रांगत तिथे जायची, आपला लाकडी कांगारू उंच धरून कुणाला तरी दाखवायची आणि खिदळायची.

"फ्री बेबीसिटर!" फॅबियन खूश.

मधुवंतीने एकदा तिथे नाक लावून पाहिलं. कोळशाच्या शेगडीचा वास होता. घरात शेगडी नव्हती. हीटिंगच्या डक्टिंगमधून येत असेल, असं तिने ठरवून टाकलं.

बाप्तिस्म्याची पार्टी रविवारी दुपारी झाली. दाराशी चपलाबुटांचा ढीग, आत वसईच्या मसाल्याचा घमघमाट, फॅबियन गिटार घेऊन सगळ्यांना गायला लावत होता. मधुवंतीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि कोपऱ्याजवळची खुर्ची पकडली. फार दिवसांनी तिला इतकं घरच्यासारखं वाटलं.

पांढऱ्या फ्रॉकमधली एल्सा सोफा धरून उभी राहिली. तिने कोपऱ्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले.

घे.

समोर कुणी वाकलं की मूल हात वर करतं, तसे. तिच्या टाचा उचलल्या गेल्या. मग चवडेही. आता फक्त अंगठे गालिच्याला लागत होते.

डोरीनच्या हातातला ट्रे पडला. तिने झेप घेऊन लेकीला छातीशी ओढलं. एल्साचे हात मागेच ताणलेले राहिले, आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

कापड सळसळलं. या वेळी एकाचं नाही. सगळे एकदम उठत होते.

"मधू, मॅट काढ."

"डोरीन, तू..."

"काढ ना गं! नेतील हिला ते."

मधुवंतीने मॅट ओढली.

डोरीन दाराशी जाऊन उकिडवी बसली. ओठ पुटपुटत होते, डोळे मिटलेले. तिने एल्साच्या पायांचे दोन्ही तळवे पितळेवर टेकवले.

"हं."

पाहुणे वळले. "अरे, पाऊल टाकलं! गुड गर्ल!" टाळ्या पडल्या, फॅबियनने लेकीला उचलून गरागरा फिरवलं. त्या गलक्यात जाळीचं दार आपोआप उघडलं आणि सावकाश लागलं. शेजारच्यांचा कुत्रा भुंकला. मग त्यांच्या पलीकडच्यांचा.

किचनमध्ये डोरीनचे गाल लाल झाले होते. तिने एल्साला ओट्यावर बसवलं, स्टीलच्या वाडग्यात कोमट पाणी घेऊन तिचे तळवे धुतले, पुसले, त्यांच्या पाप्या घेतल्या.

"गेले, मधू. गेले बघ सगळे." ती हसत होती. मधुवंतीलाही इतकं हलकं वाटलं, की तीही हसायला लागली.

मग डोरीनने वाडगा उचलला आणि ते पाणी प्यायली. सहज, तहान लागल्यासारखं.

मधुवंतीचं हसू तसंच राहिलं. नागासाकीतले लपलेले ख्रिस्ती पाटीवर पाय देऊन घरी येत, पाय धूत आणि क्षमा मागत ते पाणी पीत, असं सांगतात. हे तिने डोरीनला कधीच सांगितलं नव्हतं.

फॅबियन गाणं गुणगुणत आत आला. त्याने बायकोच्या हातातून वाडगा घेतला, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि विचारलं, "डोरीन, बर्फ कुठे ठेवलायस?"