साचीच्या थुंकीतली सिगारेट

साची मोकलने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. ओढणं राहिलं बाजूला, ती कोणत्या टोकाने पेटवतात हेही तिला धड ठाऊक नव्हतं. तरीही रविवारी सकाळी वडघरच्या कबड्डी मैदानावर, अख्ख्या संघासमोर नाकोबाने जाहीर केलं, "खेळाडू क्रमांक सात. थुंकीत तंबाखूची खूण सापडली."

मागून संघातलीच हेमांगी म्हणाली, "काय गं साची, आम्हाला न विचारताच?"

सगळ्या खो खो हसल्या. साचीचे कान लाल झाले.

नाकोबा म्हणजे वडघर क्रीडा मंडळाचा रोबो. स्टीलच्या पिंपाएवढा, खाली चार चाकं आणि पुढे हत्तीच्या पिल्लासारखी रबरी सोंड. त्याला कशाचाही वास कळे आणि थुंकीच्या एका थेंबातून तंबाखूचा माग काढता येई. मंडळाचा नियम कडक होता. विडी, गुटखा, मशेरी, कशाचीही खूण सापडली की खेळाडू मैदानाबाहेर.

"ताई, देवाशपथ मी काही नाही केलं!" साची रडकुंडीला आली.

प्रशिक्षक पुष्पाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "माझा विश्वास आहे गं. पण नियम सगळ्यांना सारखा. येत्या रविवारी पुन्हा तपासणी. तेव्हाही खूण आली, तर जिल्ह्याच्या सामन्याला तू बाहेर बसून टाळ्या वाजवायच्या."

साचीने ताईंची आठवडाभराची परवानगी काढली आणि नाकोबालाच सोबत घेऊन तरातरा घर गाठलं. कारण नाकोबा ज्यांनी बनवला ते शास्त्रज्ञ हरेश्वर मोकल हे तिचे सख्खे आजोबा होते. निवृत्त झाल्यावरही त्यांचं एक वाक्य घरात रोज ऐकू येई, "माणूस थापा मारतो, मोजमाप मारत नाही."

आजोबा चहा पीत होते. साचीने सगळं सांगितलं तसा त्यांना जोराचा ठसका लागला.

"यंत्र बिघडलं असेल," ते घाईघाईने म्हणाले.

साची बघतच राहिली. दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा चुकला तर रात्रभर न झोपणारे आजोबा हे बोलत होते!

"मी बिघडलेलो नाही," नाकोबा म्हणाला. "प्रमाण कमी आहे. ओढणाऱ्याच्या थुंकीत याच्या कितीतरी पट असतं. शक्यता एकच. धूर दुसऱ्याचा."

"पण दुसऱ्याची सिगारेट माझ्या तोंडात कशी आली?"

आता मात्र आजोबांना राहवेना. कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर दिलं नाही, असं त्यांच्या हातून कधी झालंच नव्हतं.

"तोंडात नाही, नाकातून आली. तंबाखूत निकोटीन (सवय लावणारं रसायन) असतं. धुराबरोबर ते फुप्फुसांत जातं, तिथून रक्तात. शरीर ते मोडतं, तेव्हा कोटिनीन (निकोटीन मोडल्यावर उरणारी खूण) तयार होतं. ते थुंकीत उतरतं. चोर पळाला तरी त्याची चप्पल सापडावी, तसं."

"आणि ही चप्पल किती दिवस राहते?"

"धूर बंद झाला तर रोज साधारण निम्मी होते. निम्म्याची पाव, पावाची आणखी निम्मी. आठवड्याभरात जवळजवळ काहीच उरत नाही."

"म्हणजे रविवारपर्यंत चोर सापडला पाहिजे," साची म्हणाली. "नाकोबा, हुंग!"

नाकोबा घरभर फिरला. स्वयंपाकघरात म्हणाला, "सुकट. तीन दिवसांपूर्वीची." बाबांच्या बुटांपाशी म्हणाला, "पुढे जाण्यास नकार." शेवटी वरच्या मजल्यावर, साचीच्या खोलीच्या पडद्यात त्याने सोंड खुपसली. "तंबाखूचा धूर. जुना आणि नवा. कापडात मुरलेला."

साची खिडकीतून वाकली. खाली मागची पडवी होती, तिच्यापुढे परसातलं आंबट बिंबळीचं झाड आणि मग उंच कुंपणाची भिंत.

"वाऱ्याचं काय सांगावं," आजोबा तिच्यामागून पुटपुटले. "कुठल्या कुठून येतो."

"मग मोजू या ना, आजोबा."

आजोबांना आपलंच वाक्य घशाखाली उतरेना.

संध्याकाळी सहाला प्रयोग सुरू झाला. साचीने पडवीत उदबत्ती पेटवली आणि धुरावर विजेरीचा झोत धरला. झोतात धुराची निळसर रेघ स्पष्ट दिसू लागली. धूर आधी परसाकडे निघाला. मग खाडीवरचा वारा आला, कुंपणाच्या भिंतीवर आपटून मागे वळला, आणि धुराची रेघ पडवीचा खांब चाटत चाटत थेट वर, साचीच्या खिडकीत शिरली.

"अरे वा!" आजोबा सगळं विसरून उडीच मारायला निघाले. "भिंतीमुळे वारा उलटतो होय! थांब, थांब, उदबत्ती जरा डावीकडे धर. मी नेहमी त्या खांबापाशी उभा..."

ते थबकले.

"नेहमी काय करता त्या खांबापाशी?" साचीने विचारलं.

नाकोबाची सोंड हळूच आजोबांच्या सदऱ्याच्या खिशाकडे वळली. "पाकीट. आत चार शिल्लक."

आजोबा मटकन पायरीवर बसले. "रोज एक गं. सहा वाजता. मला वाटायचं, उघड्यावर आहे, धूर परसात जातो. आणि वास राहू नये म्हणून..."

"म्हणून रोज देवापुढे दोन दोन उदबत्त्या! आई म्हणते, आजोबा म्हातारपणी फार भाविक झाले!"

"तेही चुकलंच. वास झाकला गेला, पण धुरात धूर वाढला."

"पण सहालाच का?"

आजोबांनी मान खाली घातली. "तू वर 'कबड्डी कबड्डी' सुरू केलंस की मला कळायचं, आता ही खाली येत नाही."

रोज सहाला साची खिडकीत उभी राहून दम घुमवायचा सराव करायची. छाती भरभरून श्वास घ्यायची आणि तीस सेकंद न तुटता 'कबड्डी' म्हणायची. गेले दोन महिने तिचा दम बाविसावरच तुटत होता आणि खोकला यायचा. तिला वाटत होतं, आपणच आळशी आहोत.

"त्या श्वासातून काय काय आत गेलं, ते सांगा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण कुतूहलही होतं.

"सांगतो. पहिली गोष्ट, श्वासनलिकेच्या आत रोमक (सूक्ष्म केसांसारखे तंतू) असतात. रात्रंदिवस ते झाडू मारून कचरा वर ढकलतात. धुराने ते मंदावतात. झाडणारेच बसले की खोकला येणारच. दुसरी गोष्ट, कार्बन मोनॉक्साइड (जळताना निघणारा, वास नसलेला विषारी वायू). रक्तात हिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून नेणारं लाल द्रव्य) असतं. प्राणवायू त्याचा हात हलकेच धरतो आणि ठिकाण आलं की सोडतो. हा वायू मात्र..."

"घोटा पकडतो?"

"बरोब्बर! तुमच्या हेमांगीसारखा. एकदा धरला की सोडायचं नाव नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. ओढणाऱ्याच्या शरीरात हे फार होतं. शेजारच्याला धूर कमी मिळतो, पण मिळतो. जळत्या टोकाचा धूर तर कशातूनही न गाळता निघतो. त्यातून मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा भराभर चालतो. त्यांना दमा, खोकला, कानाचे आजार होतात. मोठ्यांना हृदयाचे रोग आणि कर्करोगही."

"हे सगळं तुम्हाला माहीत होतं?"

"सगळं," आजोबा म्हणाले. "फक्त वारा कुठे वळतो ते मोजलं नव्हतं." मग जरा थांबून म्हणाले, "खरं सांगू? मोजायचंच नव्हतं."

त्यांनी पाकीट काढून नाकोबाच्या सोंडेत दिलं.

पुढचा आठवडा घराने कसा काढला ते घरालाच माहीत. आजोबा पंख्यावर चिडले, पेपरवर चिडले, दूध आणणाऱ्या ड्रोनने ते सांडलं म्हणून आभाळाकडे बघून ओरडले. दुसऱ्याच दिवशी बाबा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. ही सवय नुसत्या निश्चयाने सुटणं कठीण असतं आणि मदत मागण्यात लाज कसली, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. औषध दिलं, वर बडीशेप चघळायला सांगितली. बुधवारी सहाला आजोबा पडवीकडे निघाले, तर दारात नाकोबा.

"बाजूला हो. मी बनवलंय तुला!"

"म्हणूनच हलत नाही," नाकोबा म्हणाला.

साचीच्या खोलीचे पडदे दोनदा धुतले, भिंती पुसल्या.

रविवारी मैदानावर साचीच्या आधी आजोबाच पुढे झाले. "धूर माझा होता," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "ही पोर निर्दोष आहे. आणि ताई, तुमच्या नियमात एक ओळ घाला. मुलाच्या थुंकीत खूण सापडली, तर आधी मुलाच्या घरात शोधा."

पुष्पाताईंनी तिथल्या तिथे ती ओळ लिहून घेतली. हेमांगी साचीच्या कानाशी येऊन म्हणाली, "चुकलं गं माझं."

नाकोबाने साचीच्या थुंकीचा थेंब घेतला. त्याच्या पोटात गुरगुर झाली. सगळ्यांनी श्वास रोखले.

"खेळाडू क्रमांक सात. खूण नाही. मैदानात जावे."

त्या संध्याकाळी सहा वाजता साची खिडकीत उभी राहिली. या वेळी आजोबा तिच्या शेजारी होते. दोघांनी एकदम 'कबड्डी कबड्डी' सुरू केलं. आजोबांचा दम अकराव्या सेकंदाला तुटला.

"सोमवारी एकट्यानेच मोजले, तेव्हा नऊ होते," ते धापा टाकत म्हणाले. "रोमक झाडू उचलायला लागले वाटतं."

साची चोविसावर होती आणि तिला थांबायचं नव्हतं. खाली पडवीत नाकोबाने सोंड वर केली, खाडीवरून आलेला वारा पुन्हा पुन्हा हुंगला आणि आपल्या नोंदीत लिहिलं, "खारी हवा. बिंबळीचा फुलोरा. बडीशेप, जरा जास्तच."