बशी खाली ठेव

आमची ओळख व्हायच्या आधीच मी त्याच्या मुस्काटात मारली होती.

त्यात माझा काही दोष नाही. मी टोप्यांच्या दुकानात कामाला होते आणि त्या दिवशी पिसांची टोपी पोचवायला मूकपटाच्या स्टुडिओत गेले होते. बायकोचं काम करणाऱ्या नटीचा गाल दाढदुखीने टम्म सुजला होता, दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले होते. मी दिसताच त्यांनी ती टोपी माझ्याच डोक्यावर चढवली.

"तो बघ, तो तुझा नवरा. त्याच्या कोटात परक्या बाईचा हातमोजा सापडलाय. जा, दे एक ठेवून!"

मी दिली. चांगली खणखणीत.

"नमस्कार," तो गाल चोळत म्हणाला. "आपण आधी भेटलो नव्हतो... नाही ना?"

तेव्हापासून मी त्याची बायको झाले. पडद्यापुरती. मी उठता-बसता संशय घ्यायचा आणि त्याने गुडघे टेकून गयावया करायची, एवढीच गोष्ट. आवाज कुठे उमटणारच नव्हता, म्हणून तो वाट्टेल ते बोलायचा. डोळ्यांत पाणी आणून, माझा हात छातीशी धरून म्हणायचा, "कालच्या डब्यात मीठ कमी होतं हो..."

"मग खाल्लात कशाला?" मी दात-ओठ खात विचारायची.

"तुम्ही दिलात म्हणून. हसू नका! मी वाया गेलेला नवरा आहे."

काम सुटलं की तो कोपऱ्यापर्यंत सोबत यायचा. एकदा वाऱ्याने माझी टोपी तिरकी झाली, तर त्याने थांबून ती नीट केली. त्याच्या बोटांना चेहऱ्याच्या पावडरीचा वास होता. मी डोळे मिटणारच होते... आणि ती दिसली. लग्नाची अंगठी! चित्रीकरणाच्या वस्तू रोज पेटीत बंद होत. म्हणजे ही खरीच असणार.

माझ्या खोट्या नवऱ्याला खरी बायको होती. तिचा मला असा राग आला म्हणून सांगू! ती कशी दिसत असेल, कपाटात त्याचे शर्ट कसे लावत असेल, हेच रात्रंदिवस डोक्यात. त्याला विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? मी त्याची कोण? नुसती बायको!

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. वाटही बदलली. मेकअप करणाऱ्या काकांनी फारच खोदून विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "लग्न झालेल्या माणसाबरोबर फिरायची मला हौस नाही."

शेवटच्या दिवशी भांड्यांचं दृश्य होतं. मी त्याच्याकडे पाठ करून बशा फोडायच्या आणि त्याने मागून माफी मागायची. कॅमेरा घरघरत होता, दिग्दर्शक कर्ण्यातून "फोड! अजून फोड!" म्हणून ओरडत होते. मागे तो काहीतरी बोलत होता, पण मला काही ऐकायचंच नव्हतं. शेवटची बशी मी क्षणभर हातात तोलली... आणि सगळ्या ताकदीने भिंतीवर मारली. वळून बघितलं तर तो निघूनही गेला होता. पुढे कळलं, एका फिरत्या नाटक कंपनीत गेला. म्हटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

चित्रपट लागला तेव्हा मावशीने बघायला जायचा हट्टच धरला. मला लहानाचं मोठं तिनेच केलं. तरुणपणी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती ओठांवरून बोलणं ओळखते. स्वतःचा आवाज मात्र तिला कळत नाही, त्यामुळे तिची कुजबुजही चारचौघांना ऐकू जाते.

पडद्यावर मी बशा फोडत होते. मागे तो हात जोडून उभा. पाटी आली, 'प्रिये, क्षमा कर!' लोक खो-खो हसत होते. मावशी मात्र एकदम पुढे झुकली.

"अगं, हा क्षमा कुठे मागतोय?" तिने माझं मनगट आवळलं. "म्हणतोय, काकांनी आज सांगितलं तू का रुसलीस. अंगठी चित्रीकरणाच्या पेटीतलीच आहे, पितळेची, बोटात अडकलीय. साबण लावला, तेल लावलं, निघत नाही. लग्नबिग्न काही झालेलं नाही. तुझ्याशीच करायचंय!"

सगळं थिएटर मागे वळून बघायला लागलं. पियानोवाल्याचे हात थांबले. आणि मी चक्क 'तू' झाले होते!

"आणखी काय म्हणतोय, मावशी?"

"म्हणतोय... हो असेल तर हातातली बशी खाली ठेव. नाही असेल तर फोड."

पडद्यावर मी ती बशी तोलली आणि भिंतीवर मारली. लोकांनी टाळ्या कुटल्या.

मी उठून उभीच राहिले. "मी ऐकलंच नव्हतं हो!" कुणाला सांगत होते, देव जाणे.

"मग फोडलीस कशाला?"

शेवटच्या रांगेतून. तोच आवाज! दिग्दर्शकांनी त्यालाही पास धाडला होता.

"दिग्दर्शकांनी सगळ्या फोडायला सांगितल्या होत्या!"

बाहेरच्या दालनात तो माझ्यासमोर आला. अंगठी अजून बोटातच होती. गर्दीचा नुसता कल्ला चालला होता.

"परत विचारू?" तो म्हणाला. "करशील?"

"हो," मी म्हटलं.

"काय?" त्याने कानामागे हात धरला. "ऐकू येत नाही..."

मी पुन्हा तोंड उघडणार, तोच दालनाच्या पार त्या टोकाला चहा पीत उभ्या असलेल्या मावशीने कपबशी खाली ठेवली आणि खड्या आवाजात ओरडून सांगितलं,

"हो म्हणाली, हो! मघाशीच म्हणाली!"