तहकूब सभेला येतील तेवढे

ग्रामसभेची वेळ टळून गेली होती आणि सतरंजीवर एकटाच माणूस मांडी घालून बसला होता. मी तिथली ग्रामसेविका. आणखी दोन गावांचा भार माझ्याच डोक्यावर, त्यामुळे रिकाम्या सतरंज्यांची सवय झालेली. “गणपूर्ती नाही, सभा तहकूब,” मी मोठ्यानं म्हणाले. म्हणजे त्यालाच.

“मी येऊन बी न्हाई आल्यासारखा?”

“शंभर माणसं लागतात. तुम्ही एकटे.”

“एकटा पुरत न्हाई व्हय, म्याडम?”

मला हसायचं नव्हतं. तरी हसले.

तो कल्याण, वरच्या वस्तीचा. वस्तीवर नळ नव्हता. बाया लांबच्या विहिरीवरून पाणी आणत, त्यांत त्याची आईही होती. दर सभेला तो नळ मागायला यायचा, सभा तहकूब झाली की स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला द्यायचा आणि जायचा. मी त्या बाटलीची वाट बघायला लागले होते.

पुढच्या आठवड्यात सरपंच अण्णासाहेब आपली चार माणसं बोलावून तीच सभा उरकत. नळाची नवी लाइन प्रत्येक वेळी त्यांच्याच गल्लीत जाई. मी लिहून घ्यायची. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

एकदा बाटली देताना तो घुटमळला. “भोकरदनला... चहाला येता का?”

“हा विषय तहकूब,” मी चेष्टेत म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. “म्हंजे रद्दच की.”

“रद्द कसा? तहकूब सभा पुन्हा भरते.”

“आमची तर कधीच भरली न्हाई! आमाला वाटायचं, तहकूब झाली म्हंजे संपली.”

तहकूब सभेची दवंडी गावात फिरायची, वस्तीपर्यंत तिचा आवाज जात नव्हता. इतकी वर्षं सगळी वस्ती घरी बसून होती, आणि मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

“सोमवारी दुपारी भरेल,” मी म्हणाले. “आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. येतील तेवढे ठराव करतात.”

चहा विसरून तो गाडीकडे पळाला.

सोमवारी वस्ती कापूस वेचायचं सोडून आली. बायांच्या कमरेला ओट्या तशाच बांधलेल्या. पहिली लाइन वस्तीला, असा ठराव झाला. हात वर झाले तेव्हा अण्णासाहेब त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. आष्टीला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. राग यायलाही ताकद लागते, ती नव्हती. फक्त त्या बाटलीच्या आठवणीनं रडू आलं.

भोकरदनच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. तो आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली.

“चर खोदून राह्यलो. पाइप वस्तीपस्तोर आला, म्याडम.”

“छान झालं.”

“तुमचा तो विषय तहकूब होता नं? सभा भरवायला आलो. माणूस मी एकटाच हाये.”

किती दिवसांपासून हा माणूस मला आवडत होता, ते तेव्हा स्वतःशी कबूल केलं.

“येतील तेवढे पुरतात,” मी म्हणाले आणि बाकावरची बॅग खाली ठेवून त्याला जागा करून दिली.

जालन्याची गाडी लागली. आम्ही ती जाऊ दिली.