एक कपाट, दोन बंदुका

टण्!

पत्र्याचा कावळा थरथरला, पण पडला नाही. छातीतल्या भोकातून जायला हवा होता तो छरा भोकाच्या दोन बोटं खाली आपटला होता. मी चिखलात कोपरं रोवून पालथी पडले होते. रानात रानलसणाचा आणि कुजक्या पाल्याचा वास होता. पाऊस असा, की अंग भिजवायचा नाही, पण मानेतून आत मात्र नेमका शिरायचा. मार्चमध्ये इंग्लंडातल्या श्रॉपशरचा पाऊस असाच चावट असतो.

"एक गुण," मागून आवाज आला.

तोपर्यंत त्या आवाजानं चार वेळा मला एकच गुण दिला होता. आमच्या नेमबाजीच्या क्लबात जोडीजोडीनं नेम धरतात. एकानं मारायचं, दुसऱ्यानं त्याच्या कागदावर गुण लिहायचे. पत्र्याचा प्राणी पडला तर दोन, नुसता लागला तर एक. माझी नेहमीची जोडीदारीण आजारी होती. म्हणून क्लबात चहापासून चिठ्ठ्यांपर्यंत सगळं सांभाळणाऱ्या मिसेस बेडोजनी मला एका नव्याच्या गळ्यात बांधलं होतं. इदरिस प्रॉसर. डोंगरापलीकडचा, वेल्श. धंद्यानं सुतार, आणि रविवार असूनही उजव्या भुवईत लाकडाचा भुसा.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"नको."

"बरं."

पाचवा नेम. टण्. नुसती पेन्सिल खरखरली आणि ती खरखर मला जास्त झोंबली.

"विचार!" मी दातओठ खात म्हटलं.

"छरे कुठले वापरतेयस?"

मी खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची डबी काढली, उघडली... आणि तिथंच तोंड पाडून बसले. जड छरे. शनिवारचे!

माझ्याकडे छऱ्यांची बंदूक एकच. शनिवारी ती आमच्या शेतावरच्या धान्याच्या कोठारात उंदीर मारायची. तेव्हा तिच्यावर लहान दुर्बीण आणि आत जड छरे. रविवारी इथं स्पर्धेत मोठी दुर्बीण आणि हलके छरे. दर शनिवारी जेवणं आटोपली की मी पेचकस घेऊन बसायची. दुर्बीण कुठं बसवायची त्याच्या खुणा लाल नेलपॉलिशनं केलेल्या. मग कोठारातल्या दिव्याखाली भिंतीला कागद चिकटवायचा आणि वीसेक छरे घालवून नेम पुन्हा जुळवायचा. त्या शनिवारी सगळं बदललं होतं. फक्त सकाळी निघताना डबी चुकीची उचलली होती.

इदरिसनं डबीत डोकावून पाहिलं. हसला नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

"दोन बंदुका का नाही ठेवत?" तो म्हणाला. "माझ्याकडे दोन आहेत. एक रविवारची, एक कामाची. कोणी कोणाच्या वाटेला जात नाही."

"दोन-दोन ठेवणाऱ्या पुरुषांवर मी विश्वास ठेवत नाही."

"मी बंदुकांबद्दल बोलतोय."

"मीसुद्धा... बहुतेक."

आता मात्र तो हसला. डावा गाल आधी, मग उजवा.

"आणि मी डावखुरी आहे," मी सांगून टाकलं. "डाव्या हाताची ही एक मिळवायला दोन वर्षं लागली. दुसरी काय झाडाला लागते?"

"मग माझे छरे घे."

"तुझे छरे माझ्या नळीला मानवतील कशावरून?"

"तिलाच विचार ना."

सहावा होता पत्र्याचा ससा. मी त्याचा छरा भरला, श्वास सोडला, चाप ओढला. ससा धाडकन मागे पडला! पडलेलं जनावर पुन्हा उभं करायला दोरी ओढावी लागते. मी दोरीला हात घातला, त्यानंही घातला. ओल्या दोरीवर माझी बोटं आणि त्यावर त्याची. दोघांपैकी कोणी ओढेना, कोणी सोडेना.

"ससा उठवायचाय ना?" तो हळूच म्हणाला.

"उठेल की... घाई काय आहे त्याला?"

त्या दिवशी मी अकरावी आले. घरी जाताना मात्र पहिली आल्यासारखी गात होते.

*

पुढच्या शनिवारी तो आमच्या कोठारात हजर. "उंदरांचा फार त्रास आहे असं ऐकलं," म्हणाला. कोणाकडून ऐकलं, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

प्रेमात पडायला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडायची नाही. बार्लीची धूळ, मेंढ्यांचा वास आणि दिवेलागणीला उंदीर निघायची वाट बघत तागाच्या पोत्यांवर पाठीला पाठ लावून बसलेले आम्ही दोघं. बोलायचं तेही कुजबुजत. कुजबुजीत साधं वाक्यसुद्धा गुपित वाटायला लागतं, आणि आमचं भांडण तर दर वेळी तेच.

"तुझी बिचारी गोंधळून गेलीय," तो माझ्या बंदुकीकडे बघत म्हणायचा. "दर आठवड्याला मांडलेला संसार मोडायचा आणि पुन्हा मांडायचा."

"आणि तुझी रविवारची? सहा दिवस कपाटात एकटी उभी. ती नाही का बिचारी?"

"ती वाट बघते. तिचा नेम कधी हलत नाही."

"माझी कुठल्याही कामाला तयार असते."

"हट्टी आहे."

"कोण? ती का मी?"

"श्श... उंदीर."

उंदीर कुठला! उत्तर टाळायची त्याची ती युक्ती होती.

जूनपासून तो माझी बंदूक मागून घ्यायला लागला. उजव्या हाताचा माणूस आणि डाव्या हाताची बंदूक. एकही उंदीर त्याच्या हाती लागेना. मी पोत्यात तोंड खुपसून हसायची. "घरी दोन-दोन आहेत ना? मग माझ्या बंदुकीचा जीव का खातोस?" तो नुसता "असंच" म्हणायचा. जुलैतल्या एका संध्याकाळी त्यानं माझा डावा हात घेतला, कोपरात दुमडला आणि वाकापासून बोटापर्यंत आपल्या पंजानं मोजला. "एक वीत, सहा बोटं."

"कशाला मोजलंस?"

"असंच."

खोदून विचारायला हवं होतं. पण त्याच्या खरखरीत तळव्याचा स्पर्श त्या रात्री झोपेपर्यंत हातावर होता. मला विचारायचं सुचलंच नाही.

माझं प्रेम जडलं होतं त्याच्यावर. पुरतं. पण सांगायची हिंमत होईना. एक स्क्रू इकडचा तिकडे झाला की नेम बिघडतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? शनिवार छान चालला होता. त्याला हात लावायला मन धजेना.

*

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी इदरिस आलाच नाही. क्लबच्या खोलीत मी चहा घेत होते आणि समोर फळ्यावर टाचलेला कागद दिसला. 'विकणे आहे. उजव्या हाताची, उत्तम स्थितीत. इ. प्रॉसर.'

"जातोय वाटतं पोरगा," मिसेस बेडोज पावाला लोणी लावत म्हणाल्या. "भाऊ कॅनडात आहे ना त्याचा. परदेशी जाणारा माणूस आधी बंदूकच विकतो, टॅम्सिन. माझ्या पुतण्यानंही अस्संच केलं... अगं, बेकन खातेस ना?"

मी बेकन खाल्लं नाही. चहाही तसाच ठेवला. एक वाक्य सांगायला मी सहा महिने घालवले होते, आणि आता तो समुद्रापार चालला होता. तिथं कुठली कोठारं आणि कुठले शनिवार!

गाडी कशी चालवली, आठवत नाही. चिखलाच्या बुटांनी थेट त्याच्या कारखान्यात शिरले. तो पाठमोरा उभा होता. मला बघताच त्यानं बाकावर घाईघाईनं चादर ओढली.

"कॅनडाला कधी निघालास?"

"कॅनडाला? मी?"

"बंदूक विकतोयस ना!"

"एक विकतोय," तो म्हणाला. "कामाची."

"का?"

"कारण..." त्याचे कान लाल झाले. "टॅम, अजून तेल वाळायचंय. पुढच्या शनिवारी आणणार होतो मी."

"काय आणणार होतास?"

मी पुढे झाले आणि चादर ओढली.

त्याची रविवारची बंदूक. पण दस्ता नवा, अक्रोडाच्या लाकडाचा, हातानं घडवलेला. गाल टेकायला दोन्ही बाजूंना सारखा उंचवटा होता. पंजासाठी खोलगट पकडही दोन्हीकडून कोरलेली. उजव्या हाताच्या माणसाला असला दस्ता कशाला लागतो? मी बंदूक उचलून डाव्या खांद्याला लावली. डावं बोट अलगद चापावर जाऊन बसलं. जराही ताणावं लागलं नाही.

"एक वीत, सहा बोटं," मी म्हटलं.

"नीट बसतेय?"

नीट? मी बंदूक बाकावर ठेवली आणि फळ्यांच्या ढिगावर बसकण मारली. एकदम हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. छातीवरचं पोतं कोणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. कॅनडा नव्हता! कुठंही कॅनडा नव्हता!

तो घाबरला. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"रडतेस का? काही चुकलं का माझं? मी नुसता विचार केला... तुझी कोठारात उत्तम चालते. ती तशीच राहू दे, लहान दुर्बीण, जड छरे, कायमची. ही रविवारची, दोघांचीही. मग दोघांत दोन पुरतात. तिसरी कशाला?"

"आणि कोठारात तू काय वापरणार?"

"तुझीच. आळीपाळीनं. जूनपासून शिकतोय ना मी तिच्यावर... तू हसत होतीस तेव्हा."

मला त्या सगळ्या सुटलेल्या उंदरांना मिठी मारावीशी वाटली.

"फक्त एक अडचण आहे," तो खाली बघत म्हणाला. "या दोन्ही... एकाच कपाटात राहायला हव्यात. नाहीतर एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, आणि दर आठवड्याला नुसती ने-आण—"

"इदरिस, तू मला नेमकं काय विचारतोयस?"

त्यानं मान वर केली. भुवईत भुसा होताच.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, टॅम. मार्चपासून. त्या सशापासून."

"आणि आधी बंदूक विकायला काढलीस, मग विचारतोयस? मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर उंदरांची चैन झाली असती."

मी त्याच्या भुवईतला भुसा बोटानं झटकला. सहा महिने झटकायचा होता तो.

"तुझं कपाट केवढं आहे?" मी विचारलं.

"अरुंद. दोघी कशाबशा मावतात."

"आमच्या शेतावरचं चौघींना पुरेल."

"म्हणजे...?"

"म्हणजे हो, बावळटा. माझंही आहे, सशापासूनच."

पुढच्या शनिवारी जेवणं झाली, ताटं विसळली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मी पेचकस हातात घेतला नाही. काही जुळवायचं नव्हतं. स्वयंपाकघरात शेगडीशेजारी पाय लांब करून बसले. बाकी राहिलेली लाल नेलपॉलिश वाया कशाला घालवायची, म्हणून ती नखांना लावली. इदरिसला वाटतं, त्याच्यासाठी लावली. वाटू दे.